मुंबईच्या आशा पुथली यांचा १९७६ चा अल्बम, आणि रंगीत रेकॉर्ड घेण्याआधी माहीत हव्यात अशा गोष्टी

इन्स्टाग्रामवर निळ्या, गुलाबी, पारदर्शक रेकॉर्ड फिरताना दिसतात. गाणी मोबाइलवर फुकट ऐकायला मिळत असताना लोक जुन्या अल्बमच्या नव्या रेकॉर्डसाठी हजारो रुपये का मोजतात? आणि ते पैसे गायकापर्यंत पोहोचतात का?

आशा पुथली कोण?

१९४५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत शिकल्या आणि पुढे जॅझकडे वळल्या. मार्था ग्रॅहम यांच्या संस्थेची नृत्य शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्या न्यूयॉर्कला गेल्या. जॅझ संगीतकार ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममध्ये त्यांनी दोन गाणी गायली. १९७३ मध्ये सीबीएस कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला.

'द डेव्हिल इज लूज'मध्ये काय आहे?

१९७६ चा हा अल्बम डिस्कोच्या काळातला असला, तरी नुसता नाचायचा नाही. यातल्या 'स्पेस टॉक'मध्ये संथ ठेका आणि कुजबुजल्यासारखा आवाज आहे. रात्री उशिरा, दिवे मंद करून ऐकावा असा हा मूड.

न्यूयॉर्कमधल्या 'द लॉफ्ट' या डेव्हिड मॅनकुसो यांच्या पार्ट्यांमध्ये 'स्पेस टॉक' गाजलं. १९९७ मध्ये रॅपर नटोरियस बीआयजीच्या 'लाइफ आफ्टर डेथ' अल्बममधल्या एका गाण्यात त्याचा तुकडा वापरला गेला. अशा तुकड्याला सॅम्पल म्हणतात. सॅम्पल ऐकून मूळ गाणं शोधणारे वाढले की जुन्या रेकॉर्डची मागणीही वाढते.

रीइश्यू का महत्त्वाचा?

जुनी रेकॉर्ड कितीही महाग विकली गेली, तरी पैसे विकणाऱ्याला मिळतात, गायकाला नाही. हक्क घेऊन काढलेल्या नव्या आवृत्तीत करारानुसार रॉयल्टी मिळू शकते. २०२२ मध्ये ब्रिटनच्या मिस्टर बाँगो कंपनीने 'द इसेन्शियल आशा पुथली' हा निवडक गाण्यांचा संग्रह काढला आणि त्यांचं नाव नव्या श्रोत्यांपुढे आलं.

रंगाने आवाज बदलतो का?

रेकॉर्ड पीव्हीसी प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक मुळात जवळपास रंगहीन असतं. काजळीसारखी कार्बनची पूड मिसळली की ते काळं होतं, दुसरा रंग मिसळला की रंगीत. वेगळ्या रंगाचे दाणे टाकून दाबलं, की शिंतोडे उडाल्यासारखी नक्षी येते.

चांगल्या कारखान्यात छापलेल्या रंगीत आणि काळ्या रेकॉर्डच्या आवाजात सहसा फरक जाणवत नाही. खरा फरक पडतो तो मूळ ध्वनिमुद्रण कुठून घेतलं आणि छपाई कशी झाली, यामुळे. चित्र छापलेल्या रेकॉर्डमध्ये मात्र खरखर जास्त येऊ शकते.

रंग हे विक्रीचं तंत्रही आहे. टेलर स्विफ्टच्या २०२२ च्या 'मिडनाइट्स'च्या चार रंगांतल्या आवृत्त्यांची मागची कव्हरं एकत्र लावली की घड्याळ तयार होतं. म्हणजे गाणी तीच, खरेदी चारदा. २०२४ मध्ये बिली आयलिशने अनेक आवृत्त्या काढण्याच्या या पद्धतीवर, त्यातून होणाऱ्या नासाडीमुळे, टीका केली होती.

घेण्याआधी काय पाहाल?

- कंपनीचं नाव, हक्कांचा उल्लेख आणि आवृत्तीचं वर्ष कव्हरवर आहे का? नसेल तर ती चोरून छापलेली असू शकते.
- 'लिमिटेड एडिशन' म्हणजे नेमक्या किती प्रती, हे लिहिलंय का?
- छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीत किंवा गच्चीवर ठेवलेली रेकॉर्ड वाकडी होते आणि ती पूर्ववत करणं कठीण असतं. पार्सल शक्यतो उन्हाळा सोडून मागवा. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

रंग आवडला म्हणून रेकॉर्ड घेण्यात गैर काही नाही. फक्त ती अधिकृत आहे ना, एवढं पाहून घ्या. गायिकेला तिचा वाटा मिळण्याची शक्यता त्यातच आहे.