आतड्याची भिंत शाबूत होती

आमच्या लहानपणी घरात कुणाला जुलाब लागले की दादी आधी पाणी तोडायची. "पेट चल रहा है, पानी मत दो," असे अम्मीला बजावायची. प्यायलेले पाणी लगेच खालून जाते, हा तिचा हिशेब. आज आपण याला अडाणीपणा म्हणतो. पण आतड्याला विश्रांती हवी म्हणून डॉक्टरही कितीतरी वर्षे रुग्णाचे खाणेपिणे बंद ठेवत होते. जुलाबात आतड्याची भिंत टिकते की फाटते, हा प्रश्न त्यांनाही लवकर सुटला नव्हता. तो सुटला पटकीच्या अभ्यासातून.

पटकी म्हणजे उर्दूतला हैजा. यात रुग्ण एका दिवसात दहा लिटरहून अधिक पाणी गमावू शकतो. एवढे पाणी येते कुठून? एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्शो यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचे मत होते की आतड्याचे अस्तरच गळून पडते. मृतांच्या आतड्यात तसे दिसतही होते. पण मृत्यूनंतर आतडे फार लवकर सडते, हे लक्षात घ्यायला हवे होते.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. हा जंतू विष सोडत असावा, असा त्यांचा अंदाज होता. सिद्ध मात्र झाला नाही. ते काम कलकत्त्यातच डॉ. शंभूनाथ डे यांनी केले. १९५३ मध्ये त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. तुकडा पाण्याने फुगला. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेला नुसता द्रव वापरला, तरी तेच घडले. विष सापडले! माझ्या बी.एड.पर्यंतच्या शिक्षणात हे नाव मला एकदाही भेटले नाही, याची खंत वाटते.

पण विष भिंत फाडते की शाबूत भिंतीतून पाणी काढते? याचे उत्तर बँकॉकमध्ये मिळाले. तिथे जिवंत रुग्णांच्या तोंडावाटे नळीला लावलेली छोटी कुपी आतड्यात सोडून अस्तराचे नमुने घेतले गेले. १९६० मध्ये त्याचा अहवाल आला: अस्तर जागच्या जागी होते.

दुसरी तपासणी भिंतीच्या गळतीची होती. रॉबर्ट गॉर्डन या अमेरिकन डॉक्टरांनी तिची पद्धत १९५९ मध्ये मांडली होती. पीव्हीपी नावाच्या मोठ्या रेणूच्या पदार्थाला किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावून तो शिरेतून द्यायचा. भिंत गळकी असेल तर तो शौचात उतरणार. पटकीच्या रुग्णांत तशी गळती आढळली नाही. पुढे उलगडा झाला की विष पेशींना क्षार बाहेर सोडायला लावते आणि क्षारामागे पाणी जाते.

याचा अर्थ मोठा होता. भिंत शाबूत असेल तर ती शोषूनही घेऊ शकते. साखर आणि सोडियम आतड्यात जोडीने शोषले जातात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्येच मांडले होते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांना साखर-मिठाचे पाणी तोंडाने दिले. शिरेतून द्यायच्या सलाइनची गरज खूपच कमी झाली.

खरी कसोटी १९७१ ची. पूर्व पाकिस्तानातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोड्याचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला.

दादी आज नाही. तिच्यावर माझा राग नाही, कारण तिला हे कुणी सांगितलेच नव्हते. पण आपल्याला आता माहीत आहे. जुलाब लागलेल्या लेकराचे पाणी तोडू नका. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, घाला आणि घोट-घोट पाजत राहा. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त गेले तर दवाखाना गाठा. वाटेतही पाजणे थांबवू नका.