कोअर २ क्वाड क्यू६६००

कोअर २ क्वाड क्यू६६०० हा इंटेल कंपनीने डेस्कटॉप संगणकांसाठी तयार केलेला चार गाभ्यांचा प्रोसेसर आहे. तो जानेवारी २००७ मध्ये बाजारात आला. त्याचा अधिकृत वेग २.४ गिगाहर्ट्‌झ होता. मात्र योग्य मदरबोर्ड व पुरेसे शीतकरण मिळाल्यास तो ३ गिगाहर्ट्‌झ किंवा त्याहूनही अधिक वेगाने चालवता येत असे. उत्पादकाने ठरवलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर प्रोसेसर चालवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात आणि त्याच्या इतिहासात क्यू६६००चे नाव आवर्जून घेतले जाते.

रचना

हा प्रोसेसर ६५ नॅनोमीटर तंत्रज्ञानावर आधारित असून त्याचे सांकेतिक नाव ‘केंट्सफील्ड’ होते. त्याच्या आवरणाखाली प्रत्येकी दोन गाभ्यांचे दोन सिलिकॉन तुकडे शेजारी शेजारी बसवलेले असतात. प्रत्येक तुकड्याला ४ एमबी, म्हणजे एकूण ८ एमबी एल२ कॅश आहे. दोन तुकड्यांमध्ये थेट जोडणी नाही. त्यांच्यातील देवाणघेवाण मदरबोर्डवरील फ्रंट साइड बसमार्फत होते. प्रतिस्पर्धी एएमडीने २००७च्या अखेरीस आणलेल्या फेनॉम प्रोसेसरमध्ये चारही गाभे एकाच तुकड्यावर होते, आणि तीच खरी चार गाभ्यांची रचना असा त्या कंपनीचा प्रचार होता. प्रत्यक्ष वापरात मात्र क्यू६६०० मागे पडला नाही.

वेग व किंमत

प्रोसेसरचा वेग म्हणजे बसची मूळ वारंवारता आणि गुणक यांचा गुणाकार. क्यू६६००ची बस २६६ मेगाहर्ट्‌झ व गुणक ९ आहे. हा गुणक वर नेता येत नाही, खाली मात्र आणता येतो. साहजिकच वेग वाढवण्याचा मार्ग बसमधूनच जातो. मदरबोर्डच्या बायोसमध्ये बस ३३३ मेगाहर्ट्‌झ केली की वेग ३ गिगाहर्ट्‌झ होतो. ४०० मेगाहर्ट्‌झ केल्यास ३.६ गिगाहर्ट्‌झ. बस ४०० ठेवून गुणक ८ केला तर ३.२ गिगाहर्ट्‌झ मिळतात, आणि डीडीआर२-८०० प्रकारची स्मृती आपल्या नेमून दिलेल्या वेगातच राहते. ही जोडी त्यामुळेच सोयीची ठरे.

बाजारात येताना ८५१ अमेरिकी डॉलर असलेली किंमत जुलै २००७ मध्ये २६६ डॉलरवर आली. त्याच महिन्यात इंटेलने ३ गिगाहर्ट्‌झचा क्यूएक्स६८५० हा प्रोसेसर ९९९ डॉलरला आणला. दोघांची बस व गुणक पाहता, क्यू६६००ची बस ३३३ मेगाहर्ट्‌झवर नेणारा ग्राहक जवळपास तेवढाच वेग सुमारे चौथ्या हिश्श्याच्या किमतीत मिळवत होता. त्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण हे आहे. निव्वळ हौस नव्हे.

उष्णता

प्रोसेसरचा गतिक वीजखर्च वारंवारतेच्या प्रमाणात, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणार्थ, वेग २.४ वरून ३.६ गिगाहर्ट्‌झ केल्यास खर्च दीडपट होईल. त्या वेगाला स्थैर्य यावे म्हणून व्होल्टेजही १.२५ वरून १.४० करावे लागले, तर त्याचा वर्ग सव्वापट होतो आणि एकूण खर्च जवळपास १.९ पट होतो. ही सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. वेगाची मर्यादा पुष्कळदा शीतकरणच ठरवते ते यामुळे.

सुरुवातीच्या बी३ आवृत्तीची औष्णिक मर्यादा १०५ वॅट होती. २००७च्या मध्यास आलेल्या जी० आवृत्तीत ती ९५ वॅट झाली. जी०च्या आवरणाचे कमाल तापमानही ६२.२ वरून ७१ अंश सेल्सियसवर गेले. परिणामी खरेदी करताना खोक्यावरील ‘एसएलएसीआर’ हा जी०चा संकेतांक शोधण्याची पद्धत रूढ झाली.

शीतकरण

प्रोसेसरसोबत मिळणारा पंखा व ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक अधिकृत वेगासाठी पुरेसा असतो. त्याहून पुढे जाणारे वापरकर्ते तांब्याच्या उष्णतावाहक नळ्या आणि १२० मिलिमीटर पंखा असलेले उंच हीटसिंक वापरत. या नळ्यांतील द्रव तळाशी वाफ होऊन वर जातो, पात्यांजवळ थंड होऊन पुन्हा खाली येतो. हीटसिंक व आवरण यांच्यामधील सूक्ष्म पोकळी थर्मल पेस्टने भरतात. तिचा थर पातळ हवा, कारण पेस्ट धातूइतकी चांगली उष्णतावाहक नसते. काही जण आवरणाचा पृष्ठभाग पॉलिश कागदाने घासून सपाट करत, पण त्यामुळे वॉरंटी संपुष्टात येते.

हवेने किंवा पाण्याने होणारे सामान्य शीतकरण प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत स्थिर चालणारी मांडणी उन्हाळ्यात ४० अंशांना कोलमडू शकते. शिवाय बस वाढवल्यावर मदरबोर्डवरील नॉर्थब्रिज चिप आणि व्होल्टेज नियामकही तापतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यास प्रोसेसर थंड असूनही संगणक अडखळतो.

स्थैर्य व धोके

मर्यादेपलीकडे तापल्यास प्रोसेसर आपला वेग आपोआप उतरवतो, आणि फारच तापल्यास संगणक बंद पडतो. या संरक्षणामुळे उष्णतेने तो तत्काळ जळण्याची शक्यता कमी असते. अधिक घातक असते ती न दिसणारी चूक: संगणक चालू राहतो, पण एखादी आकडेमोड चुकते आणि चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाते. म्हणून प्राइम९५ सारख्या प्रणालीने चारही गाभ्यांवर कित्येक तास पूर्ण भार टाकून पडताळणी करतात. दीर्घकाळ वाढीव व्होल्टेज व तापमान राहिल्यास ट्रान्झिस्टरांची झीज वेगाने होते. इंटेलने या प्रोसेसरसाठी दिलेली व्होल्टेजची कमाल पातळी १.५ व्होल्ट आहे.

नंतरचा काळ

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या कोअर आय७ मालिकेत स्मृती-नियंत्रक प्रोसेसरमध्येच गेला आणि फ्रंट साइड बस संपली. २०११च्या सँडी ब्रिज पिढीत १०० मेगाहर्ट्‌झचे मूळ घड्याळ इतर जोडण्यांशी बांधले गेल्याने ते थोडेच वाढवता येऊ लागले, आणि गुणक मोकळा असलेली ‘के’ अक्षराची प्रतिरूपे इंटेलने वेगळी, अधिक किमतीला विकली.