अमरावती आणि अकोला : अंतर व वेळ

नकाशावर पट्टी ठेवली तर अमरावतीजवळील बेलोऱ्याचा विमानतळ आणि अकोल्याजवळील शिवणीचा विमानतळ यांत सरळ रेषेनें सुमारें ७० किलोमीटर अंतर भरतें. ताशीं ५०० किलोमीटर वेगाचें विमान तें नऊ मिनिटांच्या आंत तोडील. तथापि अशी विमानसेवा सुरू झाली तरी उतारूंचा वेळ वांचणार नाहीं. याचें कारण वऱ्हाडच्या दळणवळणाच्या इतिहासांत सांपडतें.

आगगाडीपूर्वीं येथें अंतर दिवसांनीं मोजीत. अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगातीरच्या मिर्झापुरास जाई. १८४२ सालीं एका व्यापाऱ्यानें एक लक्ष बैलांचा माल असा रवाना केल्याची नोंद आहे. पुढें १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोंचली. तिनें दोन्ही शहरांस सारखें वागविलें नाहीं. अकोला मुख्य मार्गावर आलें. अमरावती बाजूला राहिली व तिच्यासाठीं बडनेऱ्याहून फांटा काढावा लागला. बडनेरा ते अकोला लोहमार्गानें ७९ किलोमीटर, म्हणजे जलद गाडीस तासाभराची वाट. परंतु मुख्य मार्गाची गाडी धरण्यास अमरावतीकरानें आधीं बडनेरा गांठावयाचें, ही तेव्हांपासूनची रीत.

आकाशमार्गांतहि पहिला मान अकोल्याचाच. शिवणीचा तळ १९४३ सालचा, ऐन महायुद्धांतला. बेलोऱ्याचा १९९२ चा. १९४९ च्या जानेवारींत रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमानें नागपुरास एकत्र येत. मुंबईचें विमान वऱ्हाडच्या माथ्यावरून जाई, उतरे मात्र नागपुरास.

अखेर १६ एप्रिल २०२५ रोजीं बेलोऱ्याच्या १८५० मीटर धांवपट्टीवरून मुंबईची नियमित सेवा सुरू झाली. शिवणीची पट्टी आखूड. ती वाढवावयाची तर शेजारच्या कृषि विद्यापीठाची जमीन हवी, आणि तो प्रश्न वर्षानुवर्षें लांबत गेला. लोहमार्गानें जिला बाजूस ठेवलें, तिला विमानानें जवळ केलें!

तरी बेलोरा बडनेऱ्याच्याहि पलीकडे आहे. अकोल्याहून शिवणीस जाणें, तेथें तपासणीसाठीं थांबणें, उड्डाण, आणि मग बेलोऱ्याहून अमरावती शहर गांठणें, एवढ्या वेळांत आगगाडीचा उतारू घरीं पोंचून जेवून बसलेला असेल.

अकोलेकरास बेलोऱ्याचा खरा उपयोग मुंबईसाठीं, आणि तेथवर नेणारा आहे तो रस्ता. २०२२ च्या जूनमध्यें याच महामार्गावर, लोणी ते माना या भागांत, एकपदरी ७५ किलोमीटर भरेल एवढें डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झालें व त्याची जागतिक विक्रमांत नोंद झाली. या रस्त्यानें दीड-दोन तास आणि विमानांत सुमारें पावणेदोन तास. मधला थांबा धरूनहि आगगाडीचा रात्रभराचा प्रवास वांचतो. आजारी माणसास मुंबईस नेणाऱ्या कुटुंबाला या तासांचें मोल विचारावें.

शिवणीची धांवपट्टी वाढावी ही अकोल्याची मागणी रास्तच आहे. तोंवर बेलोऱ्याच्या विमानाशीं वेळ जुळणारी मोटारबस हीच त्या शहराची पहिली गरज. वाहनाचा वेग पाहण्याआधीं त्या वाहनापर्यंत पोंचावयास किती वेळ लागतो हें पाहावें, एवढें शहाणपण बडनेऱ्याच्या स्टेशनानें वऱ्हाडास कधींच शिकविलें आहे.