कॅटच्या सराव परीक्षा

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठीची कॅट 2008पर्यंत कागदावर होत असे. सरावही तसाच: शिकवणीच्या वर्गात घड्याळ लावून पेपर सोडवायचा, उत्तरपत्रिकेतले गोल पेन्सिलीने काळे करायचे. एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरे सरकत. नुसती पुस्तके वाचून ही चूक ध्यानात येत नसे, म्हणून सराव पेपरांचे मोल मोठे. 2009मध्ये परीक्षा संगणकावर गेली, मागोमाग सरावही पडद्यावर आला. त्याहून मोठा फरक वेळेच्या नियमांनी पडला. 2014मध्ये 170 मिनिटे हवी तशी वाटून घेता येत. 2015पासून प्रत्येक विभागाला 60 मिनिटे बांधून दिली गेली. करोनाच्या वर्षी, 2020मध्ये, ती 40वर आली. गणितात वाचवलेला वेळ इंग्रजीला देता येईना. त्यामुळे सराव परीक्षेत कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हेही शिकावे लागते.