परिचारिकांच्या गुरुजनांची परंपरा



आपल्या स्मरणिकेत आम्ही आजवर बहुधा जुनी घराणी, कुलदैवते आणि स्थलांतरे ह्यांविषयीच लिहीत आलो. यंदाचा विषय पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. संपादक मंडळासही ते वाटले. तेव्हा आरंभी त्याचे कारण सांगणे प्राप्त आहे.

गतवर्षी ऐन श्रावणात पित्ताशयाच्या विकारामुळे आम्हांस एका मोठ्या रुग्णालयात अकरा दिवस राहावे लागले. तेथे रोज सकाळी परिचर्या महाविद्यालयातील सहा-सात विद्यार्थिनी व दोन विद्यार्थी आपल्या बाईंसमवेत येत. एके दिवशी एका मुलीने आमची नाडी अर्धा मिनिट पाहिली, तिची दुप्पट केली आणि कागदावर चौऱ्याऐंशी हा आकडा टिपला. बाईंचे लक्ष तिच्या घड्याळाकडे होते. त्या रागावल्या नाहीत. आम्हांस म्हणाल्या, "काका, त्रास होतो आहे, पण पुन्हा एकदा हात देता का?" मग मुलीस म्हणाल्या, "पूर्ण मिनिट मोज. ठोका मध्येच चुकत असेल, तर तो तुझ्या दुसऱ्या अर्ध्या मिनिटात चुकेल." मुलगी मोजीत असता बाईंनी स्वतः आमच्या पाठीखालील चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. ह्या सुरकुतीनेच पुढे अंथरुणाला खिळलेल्या माणसास पाठीवर जखमा होतात, हे त्यांनी जाता जाता सांगितले.

छत्तीस वर्षे आम्ही प्राथमिक शाळेत फळ्यापुढे घालविली आहेत. शिक्षक ओळखण्यास आम्हांस वेळ लागत नाही. त्या बाईंना शिक्षण विचारले, तेव्हा कळले की परिचर्या विषयात त्यांनी बी.एस्सी. व एम.एस्सी. ह्या दोन्ही पदव्या मिळविल्या आहेत, आणि दोहोंच्या मध्ये सात वर्षे वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आहेत. आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे मॅट्रिक. खरे सांगावयाचे तर आम्हांस थोडी लाजच वाटली. कारण परिचारिकेस शिकविणारी व्यक्ती एवढी शिकलेली असते, ही कल्पनाच आमच्या मनात कधी आली नव्हती. घरी परतल्यावर मिळेल ते वाचून काढले. त्यातून जुळविलेली ही हकीकत आहे.

परिचर्येचे पद्धतशीर शिक्षण म्हटले की फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचे नाव पुढे येते, व ते योग्यच आहे. क्रिमियाच्या युद्धानंतर जनतेने त्यांच्या गौरवार्थ सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमविला आणि त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका विद्यालय निघाले. परंतु नाइटिंगेलबाई प्रकृतीमुळे बहुतेक अंथरुणालाच खिळलेल्या असत; वर्ग त्यांनी घेतले नाहीत. मग पहिल्या पंधरा मुलींस शिकविले कोणी? रुग्णालयाच्या मेट्रन श्रीमती वॉर्ड्रोपर ह्या विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. त्या एका डॉक्टरांच्या विधवा. वैधव्यानंतर मुलांचा भार सांभाळीत त्या नोकरीस लागल्या होत्या, आणि रुग्णालयीन शिक्षण असे त्यांस मुळीच मिळालेले नव्हते. जे काही येत होते ते काम करता करता अंगवळणी पडलेले. व्याख्याने देण्याचे काम रुग्णालयातील व्हिटफील्ड नावाच्या डॉक्टरांकडे होते. हे गृहस्थ पुढे पुढे व्याख्यानेच देईनासे झाले व मद्यपानाच्याही आहारी गेले. विद्यालयाची कीर्ती जगभर पसरत असता आत प्रत्यक्ष शिकवणी अशी खंडित होती, हे नाइटिंगेलबाईंस १८७० नंतर चौकशी केली तेव्हा कळले. मग व्हिटफील्ड गेले, त्यांच्या जागी क्रॉफ्ट हे शस्त्रवैद्य आले, आणि मुलींच्या वसतिगृहात एक 'होम सिस्टर' नेमण्यात आली. मुलींच्या टिपणवह्या तपासणे, व्याख्यान समजले की नाही हे विचारणे, ही तिची कामे. परिचर्येतील शिक्षिका हे स्वतंत्र पद आम्हांस प्रथम येथे दिसते. शाळेत जाऊन वह्या तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही.

तथापि मुलीस पहिल्याच दिवशी वॉर्डात उभी करावयाची आणि तिने पाहून पाहून शिकावयाचे, हीच रीत बराच काळ चालू राहिली. ती प्रथम बदलली स्कॉटलंडमध्ये. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीच्या मेट्रन रेबेका स्ट्राँग ह्याही तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी एक मुलगी. सेंट थॉमसमध्ये शिकून त्या वर चढल्या. १८९३ साली त्यांनी असा नियम घातला की रुग्णाच्या अंगास हात लावण्यापूर्वी मुलीने काही आठवडे वर्गात बसून शरीररचना, शरीरक्रिया, स्वच्छता इत्यादि विषय शिकले पाहिजेत. आज ही गोष्ट उघड वाटते. त्या काळी डॉक्टरांनी व मेट्रनांनीही नाके मुरडली; परिचारिकेस एवढे ज्ञान कशास हवे, असा प्रश्न पडला. स्ट्राँगबाई शंभर वर्षे जगल्या, त्यामुळे आपली रीत सर्वत्र रूढ झालेली पाहण्याचे भाग्य त्यांस लाभले.

अमेरिकेत ह्याच सुमारास एक वेगळी गोष्ट घडली, आणि तिच्यात आमच्या व्यवसायाचा हात आहे म्हणून ती आम्ही थोडी विस्ताराने सांगतो. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे परिचारिका विद्यालय १८८९ साली सुरू झाले. त्याच्या प्रमुख इझाबेल हॅम्प्टन ह्या कॅनडातील; परिचारिका होण्यापूर्वी त्या शाळामास्तरीण होत्या. पाठाचे टाचण, अभ्यासक्रमाची आखणी, क्रमाक्रमाने अवघड होत जाणारी कामे, ह्या साऱ्या शाळेतील गोष्टी त्यांनी रुग्णालयात नेल्या आणि परिचर्येवर पाठ्यपुस्तक लिहिले. १८९४ साली विवाह केल्यामुळे त्यांस पद सोडावे लागले. विवाहित स्त्रीने असे काम करावयाचे नाही, असा तेव्हा तिकडेही दंडक होता. त्यांच्या जागी आल्या मेरी अॅडलेड नटिंग. ह्याही कॅनडाच्या, आणि पूर्वी मुलींच्या शाळेत संगीत शिकवीत. रुग्णाची निगा कशी करावी हे ज्यास येते त्यास ती शिकविताही येतेच असे नाही, शिकविण्याचे शास्त्र निराळे आहे, हा ह्या दोघींचा आग्रह होता. १८९९ साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात, म्हणजे शिक्षक घडविणाऱ्या संस्थेत, अनुभवी परिचारिकांसाठी वर्ग निघाला. १९०७ साली नटिंग तेथे प्राध्यापक झाल्या. परिचर्या विषयाची प्राध्यापक होण्याचा मान जगात प्रथम त्यांस मिळाला.

आता आपल्या देशाकडे वळू. वेलूर येथे डॉ. आयडा स्कडर ह्यांच्या रुग्णालयात १९०९ साली डेलिया हॉटन नावाच्या परिचारिकेच्या हाताखाली शिक्षणवर्ग सुरू झाला. त्या पिढीतील बहुतेक शिक्षिका अशा मिशनऱ्यांच्या किंवा इंग्रज मेट्रन असत. त्याच १९०९ साली पुण्यात श्रीमती रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनी सेवासदनाची स्थापना केली, आणि लवकरच तेथील स्त्रिया, त्यांत विधवा पुष्कळ, ससून रुग्णालयात परिचर्या शिकावयास जाऊ लागल्या. हे सोपे नव्हते. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात आलवण नेसलेली एक विधवा बक्षीस घेण्यास पुढे आली, तेव्हा सज्जात बसलेल्या महाविद्यालयीन तरुणांनी हुर्यो केली. कार्यक्रमाच्या अखेरीस रमाबाई उठल्या आणि त्यांनी त्या सुशिक्षित म्हणविणाऱ्यांस भर सभेत खडसावले. ही हकीकत वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले, आणि त्या दिवशी पुढे वाचवले नाही.

त्याचे कारण घरचे आहे. १९७२ साली आमच्या थोरल्या भगिनीने मॅट्रिक झाल्यावर जिल्ह्याच्या गावाहून परिचारिका विद्यालयाचा अर्ज आणविला होता. वडील म्हणाले, "आपल्या घरातली मुलगी परक्यांची घाण काढायला जायची नाही." अर्ज स्वयंपाकघरातील फळीवर डब्यांखाली अंथरला गेला. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो आणि वडिलांचेच बरोबर आहे असे आम्हांस वाटले होते. पुढे मातोश्री पक्षाघाताने चार वर्षे अंथरुणावर होत्या. ताईने सासरहून येऊन जाऊन त्यांचे सर्व केले. चार वर्षांत पाठीवर एक जखम झाली नाही. रुग्णालयात त्या बाईंनी चादर ओढली तेव्हा आम्हांस प्रथम ताईचे हात आठवले.

आमच्यासारखी घरे महाराष्ट्रात सर्वच ज्ञातींत होती. आपल्या मुली घरी राहिल्या आणि केरळातून आलेल्या भगिनींनी आमच्या प्रांतातील रुग्णालये सांभाळली. वॉर्डातही त्या, आणि शिकविणाऱ्याही पुष्कळदा त्याच. त्यांचे मराठी आपण हसण्यावारी नेले. त्यांचे उपकार किती मानले, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक, असे त्यात आढळले. परिचारिका वाढवावयाच्या तर आधी शिक्षिका हव्यात, हे उघड होते. वरिष्ठ परिचारिकांस अध्यापन व प्रशासन शिकविण्यासाठी दिल्लीत १९४३ साली एक शाळा काढण्यात आली होतीच. १९४६ साली तिचे परिचर्या महाविद्यालय झाले. पहिल्या प्राचार्या मार्गारेटा क्रेग. त्याच वर्षी वेलूरलाही पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीच्या ह्या महाविद्यालयास पुढे आपल्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ह्यांचे नाव देण्यात आले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात येऊन शिक्षणास देशभर एक माप लागले, आणि १९५९ साली दिल्लीतच पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. तोवर जिला 'सिस्टर ट्यूटर' म्हणत ती वॉर्डातूनच वर आलेली असे. आता प्राध्यापिका घडू लागल्या. मुंबईत महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने १९६४ साली लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे परिचर्या महाविद्यालयही त्याच वर्षीचे. ताईने अर्ज आणविला तेव्हा ही दोन्ही आठ वर्षांची झाली होती, आणि आमच्या घरात त्यांची वार्ताही नव्हती.

अलीकडील गोष्टी थोडक्यात. आज प्राध्यापकपदास पदव्युत्तर पदवी लागते, आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे परिषदेचे प्रमाण आहे. बालपरिचर्या, मनोरुग्ण-परिचर्या, प्रसूतिशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा शाखा पडल्या असून पीएच.डी. झालेलेही आहेत. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संमत केला. हे सर्व इष्टच झाले. मात्र जाणत्यांकडून एक तक्रार ऐकू येते, व ती आम्हांस पटते. रुग्णालयाची परिचारिका निराळ्या आस्थापनेवर आणि महाविद्यालयाची शिक्षिका निराळ्या; त्यामुळे शिकविणाऱ्यास वॉर्डाचा सराव राहत नाही आणि सराव असलेल्यास शिकविण्याची सवड मिळत नाही. वॉर्ड्रोपरबाईंजवळ अनुभव होता, ग्रंथ नव्हता. नटिंगबाईंनी ग्रंथ मिळविला, पण त्याआधी खाटांमधून वर्षानुवर्षे हिंडून. ग्रंथ आहे आणि खाट सुटली, अशी तिसरी अवस्था आता काही ठिकाणी येऊ पाहत आहे. आमच्या त्या बाई ह्यास अपवाद होत्या, की त्यांच्यासारख्या पुष्कळ आहेत, हे अकरा दिवसांच्या मुक्कामावरून आम्ही सांगू शकत नाही.

लेख पुरा झाल्यावर तो ताईस वाचून दाखविला. तिची दृष्टी आता अधू झाली आहे. अर्जाचा मजकूर ऐकून ती म्हणाली, "फळी नव्हती रे ती, फडताळ होतं." बाकी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "त्या बाई स्वतः आजाऱ्यांचं करतात, का नुसतंच शिकवतात?" आम्ही चादरीची गोष्ट पुन्हा सांगितली.

जाता जाता विद्यार्थी साहाय्य समितीस एक विनंती. शिष्यवृत्तीच्या छापील अर्जात वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी व वाणिज्य एवढेच रकाने आहेत. परिचर्येची मुलगी 'इतर' मध्ये जाते आणि इतरांस रक्कम निम्मी. चिटणीसांस आम्ही हे कळविले, तेव्हा विषय वार्षिक सभेत मांडावा असे उत्तर आले. त्याप्रमाणे तो आम्ही मांडणार आहोत. सभेस ताईसही घेऊन येऊ.