नकोशा काजळीचे रान : धातूवर उगवलेल्या कार्बन नॅनोट्यूबचा इतिहास

१/
तापलेल्या लोखंडावर आणि निकेलवर साचणारी काळी पूड टाळण्यात रसायन-अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या. पुढे त्याच पुडीतील तंतू धातूवर मुद्दाम उगवायचे ठरले, तेव्हा धातूनेच नकार दिला. त्या नकाराचा आणि तो कसा मोडला गेला याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
ग्राफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा गुंडाळून त्याची सुरळी केली, तर जी पोकळ नळी होईल ती कार्बन नॅनोट्यूब. एकात एक बसलेल्या अनेक सुरळ्यांचीही ती असू शकते. तिची जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत मोजतात; लांबी मात्र जाडीच्या हजारो पट असू शकते.

३/
कार्बनयुक्त वायू तापलेल्या धातूच्या सान्निध्यात विघटित झाला की केसांसारखे तंतू तयार होतात, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. १८८९ मध्ये ह्यूजेस आणि चेंबर्स यांनी अशा तंतूंच्या निर्मितीचे अमेरिकी पेटंट घेतले. विजेच्या दिव्यांत तेव्हा कार्बनचेच तंतू वापरले जात. पण त्यांच्या अंतरंगात डोकावण्याचे साधन अजून जन्माला यायचे होते.

४/
विसाव्या शतकातील कारखान्यांत हेच तंतू उपद्रव ठरले. निकेल उत्प्रेरकाच्या गोळ्यांवर ते वाढत, गोळ्यांचा भुगा करत, नळ्या तुंबवत. कधी कधी तर लोखंड-निकेलचे भाग आतून पोखरले जाऊन त्यांचीच धूळ होई. म्हणून संशोधकांपुढचा प्रश्न एकच होता : हे तंतू उगवू नयेत यासाठी काय करावे?

५/
१९५२ मध्ये रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी लोखंडावर कार्बन मोनॉक्साइडचे विघटन घडवले आणि निघालेले तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचे ते तंतू आतून पोकळ दिसले. परंतु निबंध रशियन भाषेत होता आणि काळ शीतयुद्धाचा. पश्चिमेकडे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

६/
१९७२ मध्ये ब्रिटनमधील हारवेल येथे बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखालीच निकेलवर अॅसिटिलीन वायू सोडला आणि तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिले. निकेलचा कण तंतूच्या टोकावर बसून पुढे सरकत होता. कार्बन कणाच्या एका बाजूने आत विरघळतो आणि दुसऱ्या बाजूने तंतू होऊन बाहेर पडतो, असा उलगडा त्यांनी मांडला.

७/
१९७६ मध्ये ओबरलिन, एंडो आणि कोयामा यांनी बेंझिनच्या बाष्पापासून वाढवलेल्या तंतूंच्या गाभ्यातील पोकळ नळ्यांची चित्रे प्रसिद्ध केली. नळी दिसली होती, तिच्या वाढीची रीतही बरीचशी कळली होती. तरीही जगाने तिच्याकडे वळून पाहिले नाही.

८/
१९९१ मध्ये जपानमधील सुमिओ इजिमा यांनी ग्राफाइटच्या विद्युत-ठिणगीतून मिळालेल्या नळ्यांचे वर्णन 'नेचर'मध्ये केले आणि एकच खळबळ उडाली. १९८५ च्या फुलरीनच्या शोधाने जमीन आधीच नांगरलेली होती. 'शोधाचे श्रेय कोणाचे?' असा प्रश्न मॉंथियू आणि कुझ्नेत्सोव्ह यांनी २००६ मध्ये 'कार्बन' या नियतकालिकात विचारला, तेव्हा १९५२ चा तो रशियन निबंध पुन्हा उजेडात आला.

९/
आता उद्दिष्टच उलटले. ज्यांना उगवू द्यायचे नव्हते, ते तंतू ओळीत, सरळ उभे हवे झाले. १९९६ मध्ये चीनच्या विज्ञान अकादमीतील संशोधकांनी सच्छिद्र सिलिकातील लोहकणांवर एकाच दिशेने वाढलेल्या नळ्या मिळवल्या. १९९८ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे रेन आणि सहकाऱ्यांनी निकेलचा पातळ थर दिलेल्या काचेवर प्लाझ्माच्या साहाय्याने अशा नळ्यांचे ताटवे उभे केले.

१०/
इतक्या बारीक नळ्या उभ्या कशा राहतात? बहुतेक वेळा दाटीमुळे. उसाच्या फडात प्रत्येक कांडे शेजारच्याच्या आधाराने वर जाते, तसेच येथे घडते. उत्प्रेरकाचे कण विरळ असतील तर नळ्या आडव्यातिडव्या लोळतात. दाट असतील तर त्यांना वर जाण्यावाचून वाट उरत नाही. प्लाझ्मा वापरल्यास विद्युतक्षेत्रही त्यांना दिशा देते.

११/
अशा रानासाठी जमीन मात्र सिलिका, ॲल्युमिना किंवा काच यांचीच लागे. तिच्यावर लोखंडाचा पातळ थर तापवला की त्याचे सूटे कण होतात. तोच थर धातूच्या पत्र्यावर दिला, तर ७००-८०० अंश सेल्सिअसला लोखंड पत्र्यात मुरते, त्याच्याशी मिश्रधातू होते. अनेक धातू कार्बनही शोषून घेतात. बियाणेच जमिनीने गिळल्यावर पीक कसले?

१२/
तरीही धातूच हवा होता, कारण नळ्यांमधून वीज वाहायची होती. सिलिका ही विद्युतरोधक. तिच्यावरचे रान उचलून धातूवर चिकटवावे, तर सांध्यापाशी विजेला अडथळा होतो. महासंधारित्र असो वा इलेक्ट्रॉन फेकणारा स्रोत, प्रत्येक नळीचे मूळ थेट धातूत रुजलेले असणे हाच सरळ मार्ग होता.

१३/
तो मार्ग २००६ मध्ये अमेरिकेतील रेन्सलिअर पॉलिटेक्निकमध्ये खुला झाला. काशी हिंदू विद्यापीठात धातुशास्त्र शिकलेले पुलिकेल अजयन, सैकत तालपात्रा आणि सहकारी यांनी इन्कोनेल हा निकेल, क्रोमियम आणि लोखंडाचा उष्णतारोधक मिश्रधातू निवडला. लोखंडाचा थर आधी दिलाच नाही. फेरोसीन आणि झायलीन यांचे बाष्प भट्टीत सोडले : पहिल्यातून लोखंड, दुसऱ्यातून कार्बन.

१४/
उत्प्रेरक असा वायूतूनच येत राहिला आणि इन्कोनेलवर नळ्यांचे उभे रान माजले. त्याच वर्षी जपानमधील त्सुकुबा येथे हाता यांच्या गटाने निकेलयुक्त मिश्रधातूंच्या पातळ पत्र्यांवर एक आणि दोन पदरी नळ्या उभ्या केल्या. याच गटाने २००४ मध्ये भट्टीत किंचित पाण्याची वाफ सोडून अवघ्या १० मिनिटांत २.५ मिलिमीटर उंचीचे रान वाढवले होते.

१५/
ॲल्युमिनियमचा हट्ट वेगळा. तो ६६० अंश सेल्सिअसलाच वितळतो, आणि हवेत त्यावर चढणारा ऑक्साइडचा थर विजेची वाट अडवतो. अमेरिकेतील एमआयटीत केहांग चुई आणि ब्रायन वॉर्डल यांनी मिठाच्या पाण्याने हा थर काढला, पत्रा ऑक्सिजनपासून दूर ठेवला आणि कमी तापमानाला नळ्या वाढवल्या. हेतू वीज आणि उष्णता नीट वाहावी एवढाच होता.

१६/
पण हाती आलेला पत्रा विलक्षण काळा होता. मोजले तेव्हा त्याने ९९.९९५ टक्क्यांहून अधिक प्रकाश शोषला. २०१९ मध्ये डिमुट श्ट्रेबे या कलावतीने १६.७८ कॅरेटचा पिवळा हिरा याच नळ्यांनी मढवून न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या इमारतीत मांडला. हिरा कार्बनचा, त्यावरचे आवरणही कार्बनचे. एकेकाळी टाळली जाणारी काजळी हिऱ्यावर मुद्दाम चढवलेली होती, आणि तिच्याआड हिऱ्याचे पैलू दिसेनासे झाले होते.