पनवेलचे दप्तर: चावडीपासून मोबाइलपर्यंत

पनवेल नगरपालिका 1852 साली स्थापन झाली आणि 2016 मध्ये तिची महानगरपालिका झाली. तथापि तालुक्यातील शेतकऱ्याचा शासकीय माहितीशी संबंध येई तो मुख्यतः तलाठ्याच्या दप्तरातून, म्हणजे जमिनीचे हक्क सांगणारा गाव नमुना सात आणि पिकांची नोंद ठेवणारा नमुना बारा यांच्या सातबारा या जोड उताऱ्यातून. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम 4 ने कार्यालयांवर माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले, आणि पुढे सातबाराही संकेतस्थळावर पाहता येऊ लागला. याहून मोलाचा टप्पा 15 ऑगस्ट 2021 चा होय, कारण तेव्हा राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी ॲपमुळे उतारा केवळ वाचणारा खातेदार स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. नागरिक माहिती केवळ वाचतो की तिच्यात स्वतः भर घालतो, ही सहभागाची कसोटी महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकालाही लावली पाहिजे.